नागपंचमी झाली, आता टोपलीतल्या नागाचं काय?

2025 ची नागपंचमी 29 जुलैला, मंगळवारी झाली. त्या आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची बातमी आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तिथल्या 21 जणांना 21 नाग धरायची परवानगी दिली, 27 ते 31 जुलै एवढ्या पाच दिवसांसाठी. बातमी आली आणि आमच्या गावच्या ग्रुपवर लगेच एकाने टाकलं, "शिराळ्यात चालते, मंग आपल्याकडंच काऊन बंदी?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. उत्तराआधी मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वीच्या पंचमीला आमच्या गल्लीत टोपलीवाला आला होता. मायने वाटीभर दूध आणलं, हळद-कुंकू वाहिलं, वीस रुपये टाकले. गल्लीतल्या बाया जमल्या, लेकरं जमली. मी फोटो काढला आणि "नागराजाची मनोभावे पूजा" अशी ओळ लिहून बातमी पाठवून दिली. फोटो चांगला चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात जाताना नाल्याच्या पुलाजवळ एक नाग मरून पडलेला दिसला. फण्यावर कुंकू तसंच होतं. काडीने तोंड उघडायला गेलो तर ते उघडेना. वाकून पाहिलं तेव्हा ओठांतून ओवलेला बारीक दोरा दिसला. कालचाच नाग होता की दुसरा, हे सांगता येणार नाही. पण तोंड शिवलेला साप वाटीतलं दूध पिऊ शकत नाही, हे तरी मला आदल्या दिवशी समजायला पाहिजे होतं. त्याचा फोटो मी काढला नाही आणि बातमीही दिली नाही. आज ती देतो आहे.

टोपलीत येण्याआधी त्याच्यासोबत काय होतं

पंचमीला दारात येणारा नाग त्याच दिवशी धरलेला नसतो. पंचमीच्या काही आठवडे आधी, पाऊस पडून वावरं ओली झाली की साप बाहेर दिसायला लागतात. तेव्हाच धरपकड सुरू होते. धरल्यावर पहिलं काम त्याचे विषाचे दात काढायचं. पकडीने किंवा चिमट्याने दात मोडतात. कुठे विषाच्या ग्रंथी दाबून रिकाम्या करतात, कुठे डागतात किंवा कापून टाकतात. मग तोंड शिवतात, मधे थोडी फट ठेवतात, जीभ बाहेर दिसली पाहिजे म्हणून. जखमेत पू होतो, तोंड सडतं.

त्यानंतर त्याला उपाशी ठेवतात. पाणीसुद्धा देत नाहीत, कारण पंचमीला त्याने दूध "प्यायलं" पाहिजे. साप हा सस्तन प्राणी नाही. तो आयुष्यात कधी आईचं दूध पीत नाही आणि दूध पचवणारं पोट त्याला नाही. त्याचं खाणं म्हणजे उंदीर, बेडूक, पाखरं, दुसरे साप. तहानेने व्याकुळ झालेल्या जिवाच्या तोंडाशी काहीही ओलं आणलं तरी तो ते ओढून घेतो. ते दूध पोटात नासतं, कधी श्वासनळीत शिरतं. आपण म्हणतो, देवाने प्रसाद घेतला. खरं म्हणजे आपण तहानलेल्याला विष पाजतो.

पुंगीचंही तसंच आहे. सापाला आपल्यासारखे बाहेरचे कान नाहीत. तो सुरावर डोलत नाही. समोर हलणाऱ्या पुंगीवर आणि गारुड्याच्या हातावर त्याची नजर असते, कारण तिकडून मार येईल असं त्याला वाटतं. फणा काढून डोलणारा नाग घाबरलेला असतो. त्याला आपण नाच म्हणतो.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने लक्षात घेण्यासारखी आहे. नागीण साधारण उन्हाळा अखेर ते पावसाच्या तोंडाशी अंडी घालते आणि अंड्यांजवळ थांबून राखण करते. म्हणजे पंचमीसाठी धरपकड चालते त्या दिवसांत काही नागिणी अंड्यांवरूनच उचलल्या जातात. मागे राहिलेल्या अंड्यांचं काय होत असेल ते सांगायला नको.

कोणी म्हणेल, दात काढला तर निदान धोका तरी नाही. हेही खरं नाही. नागाचा विषदात मोडला तरी मागून नवा येतो. ग्रंथी शाबूत असेल तर विषही तयार होतं. "बिनविषारी केलेला" म्हणून लेकराच्या गळ्यात टाकलेला नाग महिना-दोन महिन्यांनी पुन्हा पुरता विषारी झालेला असू शकतो. त्याचे दात कधी काढले होते हे आपल्याला माहीत नसतं आणि टोपलीवाला सांगत नाही.

आपली पंचमी काय सांगते

आता आपल्या घरातली रीत आठवा. पंचमीला आपण वावरात नांगर, वखर, डवरा धरत नाही. घरात विळीवर काही चिरत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही. का? तर भुईत राहणाऱ्या जिवाला त्या दिवशी इजा नको. बाया वारुळाला जातात, लाह्या वाहतात, भिंतीवर किंवा पाटावर नाग काढतात, मातीचा नाग पुजतात. या सगळ्यात जिवंत नाग धरून आणा असं कुठेही नाही. साप त्याच्या घरी आणि आपण त्याच्या दारात, अशी ही पूजा आहे. टोपलीत कोंडलेल्या नागाची पूजा त्या रीतीच्या बरोबर उलट आहे. एक दिवस जमिनीत फाळ घालायचा नाही म्हणणारे आपण, ज्याचे दात पकडीने उपटलेत त्याच्यापुढे हात जोडतो.

बत्तीस शिराळ्याची आख्यायिकाही हेच सांगते. गोरक्षनाथ महाजनांच्या घरी भिक्षेला आले, तेव्हा घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? तिथून ती प्रथा सुरू झाली असं मानतात. म्हणजे कथेतसुद्धा मुळात मातीचाच नाग होता.

शिराळ्याला परवानगी, म्हणजे नक्की काय

आता ग्रुपवरच्या प्रश्नाकडे येऊ. शिराळ्यात पूर्वी पंचमीला शेकड्याने नाग धरले जात, मिरवणूक निघे, लांबून लोक पाहायला येत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, पण तिथली प्रथा त्यानंतरही बरीच वर्षं चालली. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, कायद्याची अंमलबजावणी करा असं न्यायालयाने बजावलं आणि गेल्या दशकात जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक थांबली. लोक प्रतिमेची पूजा करू लागले. तेव्हापासून परंपरा परत द्या ही मागणी तिथे होतीच, 2024 च्या विधानसभेच्या प्रचारातही ती आली.

शिराळकरांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, आम्ही गारुडी नाही, नागाचे दात काढत नाही, गाडग्यात जपून ठेवतो आणि पंचमी झाली की धरला तिथे नेऊन सोडतो. त्यांचं म्हणणं गृहीत धरलं तरी दोन गोष्टी उरतात. जंगली जीव पाच दिवस बंद गाडग्यात राहतो, हा त्याच्यासाठी त्रासच आहे. आणि हजारोंच्या गर्दीत, वाजंत्रीच्या दणक्यात फणा काढायला लावणं ही जपणूक होत नाही.

2025 ची परवानगी जुन्या प्रथेला नव्हतीच. शिक्षण आणि पारंपरिक ज्ञान पुढच्या पिढीला देण्यासाठी एवढंच कारण तिच्यात आहे. मिरवणूक, खेळ, स्पर्धा, कमाई यांना मुभा नाही. नाग नंतर सोडून द्यायचे आहेत. किती माणसं, किती नाग, किती दिवस, सगळं मोजून दिलेलं आहे.

आपल्या जिल्ह्यात अशी कोणतीही परवानगी नाही. नाग हा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला धरायला खास कारणासाठी केंद्राचीच मंजुरी लागते. सरपंच, पाटील किंवा मंदिर समिती ती देऊ शकत नाही. कायद्यात "शिकार" म्हणजे फक्त मारणं नव्हे. धरणं, फास लावणं, अंगाचा भाग काढून घेणं, हेही शिकारीतच येतं. म्हणजे दात उपटणं ही कायद्याने शिकारच झाली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. ही दंडाची रक्कम 2022 च्या दुरुस्तीने वाढवली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे.

जनावरांच्या छळाविरुद्ध 1960 चा वेगळा कायदाही आहे. पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये. टोपलीवाल्याला एका गल्लीत याहून जास्त मिळतात. म्हणून सापाच्या बाबतीत तक्रार करताना वन्यजीव कायद्याचंच नाव घ्यायचं आणि वनविभागालाच कळवायचं.

ड्रममधलं मांडूळ

नागाची पूजा तरी होते. मांडुळाच्या वाट्याला फक्त लोभ येतो.

सोयाबीन निघाल्यावर रोटाव्हेटर फिरवताना, कुटाराचा ढीग उचलताना किंवा नाल्याकाठच्या भुसभुशीत मातीत मांडूळ सापडतं. तांबूस-तपकिरी, जाडजूड, संथ. शेपूट तोंडासारखीच बोथट, म्हणून लोक "दुतोंड्या" म्हणतात. सहा महिने इकडून चालतो, सहा महिने तिकडून, अशी समजूत आहे. तसं काही नाही. तोंड एकच आहे. शत्रूने डोक्याऐवजी शेपटीवर वार करावा म्हणून निसर्गाने त्याला तशी शेपूट दिली आहे. ते बिनविषारी आहे, उंदरांना वेटोळ्यात आवळून खातं. ते अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतं.

असं मांडूळ सापडलं की कोणीतरी कानात येऊन सांगतं, "भाऊ, सोडू नको, कोटीचं हाय. वजन पाह्य, गिऱ्हाईक मी आणतो." पैशाचा पाऊस, गुप्तधन, परदेशातलं औषध, काय काय सांगतात. आणि मग ते मांडूळ गोठ्यातल्या ड्रममध्ये किंवा माठात जातं. महिनाभर, कधी चार महिने. "गिऱ्हाईक" येतं, मोजतं, वजन कमी भरलं म्हणून परत जातं. वजन वाढवायला त्याला बळजबरीने चारतात, छर्रे गिळायला लावल्याचे प्रकारही देशात उघडकीला आले आहेत. शेपटीवर डोळे-तोंड दिसावं म्हणून चटके देतात, चिरे पाडतात.

याच्यात कोटी कोणाला मिळाले, असा एक माणूस मला दाखवा. मी इतकी वर्षं या भागात बातम्या गोळा करतो. मांडुळाच्या बातमीत नेहमी दोनच शेवट येतात. एक तर सापळा लावून पकडले, किंवा गिऱ्हाईक बनून आलेल्याने आगाऊ पैसे घेऊन गंडवले. कोर्टाच्या तारखा मात्र वर्षानुवर्षं चालतात, जामिनासाठी वावर गहाण पडतं. आणि ड्रममधला जीव तोवर मेलेला असतो.

मांडूळ राहतं ते सैल मातीत. तिथल्या उंदरांच्या बिळांत शिरून ते खातं. आपण उंदरांसाठी औषध विकत आणतो आणि फुकटात काम करणाऱ्याला ड्रममध्ये कोंडतो.

बरणीतला साप आणि रील

आता आपल्याच जवळच्या माणसांबद्दल बोलायचं आहे. गावोगावी पोरं साप धरायला पुढे आली, हे चांगलंच झालं. पूर्वी साप दिसला की काठी निघायची, आता फोन निघतो. अनेक सर्पमित्र स्वतःच्या पेट्रोलवर, रात्री-बेरात्री, जीव धोक्यात घालून येतात. त्यांना ओळखपत्र आणि 10 लाखांचा अपघात विमा देण्याचा विषय 2025 मध्ये राज्य सरकारपुढे आला. तो मार्गी लागला पाहिजे.

पण काही जण धरलेला साप लगेच सोडत नाहीत. प्लास्टिकच्या बरणीत भरतात, झाकणाला चार भोकं पाडतात आणि ती बरणी आठ-दहा दिवस घरात राहते. का? तर अजून दोन-तीन साप जमू द्या, मग एकत्र सोडू. किंवा शाळेत कार्यक्रम आहे. किंवा रील करायची आहे. रीलमध्ये नागाचं शेपूट ओढायचं, त्याच्या फण्याला ओठ लावायचे, गळ्यात घ्यायचा. पाहणारे आपणच आहोत आणि लाईक देणारेही आपणच.

साप थंड रक्ताचा प्राणी आहे. आपलं अंग आतून तापतं, त्याचं बाहेरून. गारठला की तो उन्हात येतो, तापला की सावलीत जातो, यावरच त्याचं जगणं चालतं. बंद बरणीत त्याला दोन्ही करता येत नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी ठेवलेली बरणी म्हणजे भट्टीच. साप ओरडत नाही, विव्हळत नाही, अश्रू गाळत नाही. गाय आजारी पडली तर हंबरते, कुत्रं कुईकुई करतं. सापाला तो आवाज नाही. म्हणून त्याचा त्रास आपल्याला दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून तो नाहीच असं आपण धरून चालतो.

सोडण्याचीही रीत आहे. गावातला साप उचलून वीस-पंचवीस किलोमीटरवर, ज्ञानगंगेच्या किंवा अंबाबरव्याच्या जंगलात नेऊन सोडला की पुण्य लागतं असं अनेकांना वाटतं. पण सापाला त्याची हद्द ठाऊक असते. बीळ कुठे, पाणी कुठे, उंदीर कुठे, लपायचं कुठे. अनोळखी जागी तो भटकत राहतो, गाडीखाली येतो, मुंगूस-घारीला सापडतो. जिथे धरला तिथून जवळच, वस्तीपासून बाजूला, शक्य तितक्या लवकर सोडणं हेच बरोबर.

विकत घेतलेला साप

शहरात एक नवीन हौस आली आहे, ती मोबाईलवरून आपल्याकडेही पोहोचते. आफ्रिकेतला बॉल पायथन, अमेरिकेतला कॉर्न स्नेक असे विदेशी साप लोक घरात पाळतात. आपला देशी साप कोणताही असो, पाळायला कायद्यात जागा नाही. विदेशी जातींसाठीही केंद्राने 2024 मध्ये नियम काढले आहेत. आंतरराष्ट्रीय करारातल्या जाती ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी परिवेश पोर्टलवर नोंद करायची, पिल्लं झाली किंवा साप मेला तरी कळवायचं.

नोंद झाली म्हणजे काम संपलं असं नाही. त्या सापाला ठराविक उष्णता लागते, लपायला आडोसा, ओलावा, स्वच्छ पाणी आणि सापांचं कळणारा डॉक्टर लागतो. तो वीस वर्षंही जगू शकतो. आपल्याकडे 44 डिग्रीचा उन्हाळा आणि दिवसातून चार वेळा जाणारी लाईट. असा जीव आपल्या गावात आणणं म्हणजे त्याला हळूहळू मारणं. आणि कंटाळा आला म्हणून तो नाल्यात सोडला तर आपल्याकडच्या सापांना त्याचे रोग लागतील, ते वेगळंच.

गारुड्याच्या पोटाचं काय

एवढं लिहिलं म्हणजे टोपलीवाला दिसला की त्याला मारा, असं कोणी समजू नका. तो माणूस आहे, त्यालाही लेकरं आहेत. पिढ्यान् पिढ्या हाच धंदा शिकवला गेला. 1972 ला कायदा आला, धंदा बेकायदा झाला, पण त्या बदल्यात जमीन, कर्ज किंवा काम किती जणांच्या हाती पडलं? ज्याच्याजवळ वावर नाही, ज्याच्या गावाचा पत्ता दरवर्षी बदलतो, त्याला कायदा सांगून पोट भरत नाही.

पण यावर उपाय निघू शकतो, हे तामिळनाडूने दाखवलं. तिथल्या इरुळा आदिवासींचा साप धरण्यात हात धरणारा कोणी नाही. पूर्वी ते कातडीसाठी साप धरत. 1972 नंतर तो व्यापार बंद झाला. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. सरकारच्या परवानगीने ठराविकच साप धरायचे, थोडे दिवस ठेवून विष काढायचं आणि परत सोडून द्यायचं. त्याच विषापासून सर्पदंशावरचं औषध बनतं. देशातल्या या औषधासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा याच संस्थेतून येतो. त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयान या दोघांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. हात तेच आणि हुन्नरही तोच. फरक एवढा की तिथे साप जिवंत परत जातो आणि माणसाला रोजी मिळते.

आपल्या जिल्ह्यातल्या गारुडी कुटुंबांपैकी ज्यांना साप कळतो, त्यांना वनविभागाने प्रशिक्षण आणि ओळखपत्र देऊन साप सोडवण्याच्या कामात मानधनावर का घेऊ नये? टोपली जप्त करायची आणि माणूस तसाच सोडायचा, याने पुढच्या पंचमीला तोच माणूस नव्या टोपलीसह येतो.

सापाची दया करायची, की आपल्या माणसांची?

हा प्रश्न येणारच, आणि तो चुकीचा नाही. 2000 ते 2019 या 20 वर्षांत भारतात अंदाजे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी 58 हजार. त्यातली बहुतेक आपल्यासारखी, खेड्यातली, वावरात राबणारी. केंद्राने 2024 च्या मार्चमध्ये सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्मे करण्याचा कृती आराखडा काढला. आमच्याही ओळखीतली माणसं गेली आहेत. भीती खरी आहे.

पण ही माणसं वाचतात कशाने? अंधारात बॅटरी आणि पायात बूट घालून, जमिनीवर झोपणं टाळून, सुडी किंवा कुटार हाताने न उपसता, आणि दंश झाल्यावर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठून. नागाचे दात उपटून आजवर एकही माणूस वाचलेला नाही. उलट टोपलीतल्या, बरणीतल्या, गळ्यातल्या सापाने माणसं गेली आहेत. साप जिथे असायला पाहिजे तिथे असला आणि आपण सावध असलो, तर दोघंही जगतात. सापाची दया आणि माणसाचा जीव हे एकमेकांच्या विरोधात नाहीत.

आता करायचं काय

पुढच्या पंचमीला टोपलीवाला आला तर पैसे देऊ नका, दूध देऊ नका. पूजा मातीच्या नागाची करा, वारुळाची करा. त्याला भाकरी द्यायची असेल तर जरूर द्या, पण टोपली बंद ठेवूनच. नाग जखमी दिसला, तोंड शिवलेलं दिसलं, तर वनविभागाच्या 1926 या टोल फ्री नंबरवर कळवा. स्वतः दोरा कापायला जाऊ नका.

मांडूळ सापडलं तर त्याच वावरात धुऱ्याच्या बाजूला सोडा. कोणी भाव सांगायला आला तर त्याचं नाव लक्षात ठेवा आणि 1926 वर कळवा.

सर्पमित्राला बोलावलं तर साप कुठे आणि कधी सोडणार हे विचारा. घरी नेतो म्हणाला तर नाही म्हणा. आणि रील पाहताना सापाशी खेळ दिसला तर पुढे पाठवू नका. आपण पाहणं बंद केलं की तो खेळही थांबेल.

प्रशासनाकडे एकच मागणी आहे. टोपलीतून सोडवलेला साप सरळ जंगलात सोडून भागत नाही. दात नसलेला, तोंड सडलेला नाग शिकार करू शकत नाही, तो चार दिवसांत मरतो. त्याला उपचार लागतो. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, पण ते आपल्यापासून तीनशे किलोमीटरहून लांब पडतं. आपल्या 13 तालुक्यांतल्या निदान दोन-तीन ढोरांच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना सापावरच्या उपचाराचं प्रशिक्षण द्या, आणि पंचमीच्या आधी पंधरा दिवस वनविभाग व पोलिसांचं संयुक्त पथक बाजाराच्या गावांतून फिरू द्या. पंचमी झाल्यावर छापे मारून काय उपयोग, तोवर साप मेलेले असतात.

मायला मी त्या नाल्याजवळच्या नागाबद्दल नंतर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले काय माहीत, बापू. मी तं त्याले देव समजून दूध देलं." तिची चूक नव्हती. माहीत असून फोटो काढणाऱ्याची होती. यंदा आमच्या घरी मातीचा नाग होता. टोपलीवाला गल्लीत आला होता, मायने त्याला भाकर-भाजी दिली आणि सांगितलं, "टोपली उघडू नको." तो जेवला आणि पुढच्या गल्लीत गेला.

पुढच्या गल्लीत टोपली उघडली की नाही, मला माहीत नाही. तिथे तुमच्यापैकी कोणीतरी राहतं.